काळ्या कापडाखालून : आधी पाणी, मग कॅमेरा

स्टुडिओ बंद करून पंधरा वर्षं झाल्यावर मी पुन्हा मोठ्या शीट फिल्मवर (एका फोटोला एक सुटं पान, अशी फिल्म) काम सुरू केलंय, असं गेल्या अंकात सहज लिहून गेलो. त्या एका ओळीवर अमळनेरच्या पत्त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच : "नाना, कॅमेरा कुठला घेऊ?" त्याचं उत्तर या वेळी देणार नाही. का देणार नाही, ते धुळ्याच्या पोरीला दिलेल्या उत्तरात सापडेल.

*

प्रश्न : नाना, रामराम. मी रेल्वेतून निवृत्त झालो. वडिलांचा छोटा स्टुडिओ होता. त्यांचा लाकडी हाफ प्लेट कॅमेरा माळ्यावर सापडलाय. घडीचा भाता आहे, मागे चित्र बघायची घासलेली काच आहे, पितळी लेन्स आहे, प्लेट भरायच्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या तीन लाकडी स्लाइड आहेत. शटर नाही, लेन्सला नुसती टोपी. लहानपणी मी हायपोच्या (फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाच्या) ताटल्या धुऊन द्यायचो, तेवढाच माझा अनुभव. मुलगा म्हणतो, शोकेसमध्ये ठेवा. मला त्याच्यावर फोटो काढायचेत. जमेल का, की नवा फोर बाय फाइव्ह (इंची शीटचा) कॅमेरा घेऊ?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : रामराम भाऊ. जमेल. नवा घेऊ नका, निदान दिवाळीपर्यंत तरी नको.

आधी भाता बघा. रात्री खोलीतले दिवे मालवा, कॅमेऱ्याच्या पोटात पेटता टॉर्च ठेवा, भाता पूर्ण ताणा आणि बाहेरून फिरून बघा. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसतील. माझ्या भात्यावर अख्ख्या कृत्तिका उगवल्या होत्या. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि मोडक्या छत्रीचं काळं कापड, एवढ्यावर काम भागतं. तुकडे नखाएवढे कापा आणि आतल्या बाजूने चिकटवा. मोठे लावलेत तर भाता मिटणार नाही. सुकेपर्यंत एक दिवस ताणलेलाच ठेवा.

आता फिल्म. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. या मापाची फिल्म दुकानात मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडेच बघत बसेल. तुम्ही सर्जिकलच्या दुकानात जा. दवाखान्यांत डिजिटल आल्यापासून साध्या एक्स-रे फिल्मचे डबे तिथे मागच्या फळीवर धूळ खात असतात. एट बाय टेनचं शीट घेतलं की त्यातून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. डब्यावरची तारीख बघा, आणि उन्हात तापणाऱ्या भिंतीला लागून ठेवलेला डबा घेऊ नका. एके काळी आपलीच 'इंदू' मिळायची, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची. १९६० साली निघालेला तो सरकारी कारखाना आता बंद पडलाय.

एक्स-रे फिल्मचा मोठा गुण म्हणजे ती लाल दिव्यात हाताळता येते. कापताना, स्लाइडमध्ये भरताना, ताटलीत डेव्हलप करताना सगळं डोळ्यांना दिसतं. अनेक वर्षांनी परत येणाऱ्या माणसाला हा केवढा आधार आहे, ते पूर्ण अंधारात पहिली शीट उलटी भरल्याशिवाय कळत नाही. पण लाल दिवा खरंच निर्धोक आहे का, ते तपासा. फिल्मच्या तुकड्यावर रुपयाचं नाणं ठेवा, पाच मिनिटं लाल दिव्याखाली राहू द्या, मग तुकडा डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला.

अवगुण दोन. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी मसाला (उजेड टिपणारा थर) असतो, त्यामुळे ताटलीच्या तळाला घासली की ओरखडे पडतात. तळाशी साध्या काचेचा तुकडा टाका आणि एका वेळी एकच शीट धुवा. दुसरं, तिला लाल रंग दिसतच नाही. ओठ गडद येतात, गाल सावळे होतात आणि कुंकू काळं कुळकुळीत. आपल्या आज्यांच्या फोटोत कुंकू शाईने काढल्यासारखं दिसतं, त्याचं कारण हेच. बायकोचा फोटो काढाल तेव्हा आधी सांगून ठेवा.

तुमच्या स्लाइड काचेच्या प्लेटसाठी केलेल्या आहेत. नुसती फिल्म घातली तर ती सैल बसते आणि फोकस सरकतो. पत्र्याच्या पातळ चौकटी (आम्ही त्यांना शीथ म्हणायचो) माळ्यावर शोधा, स्लाइडसोबतच असतील. नसतील तर पत्रा कापणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. घासलेली काच जितक्या खोलीवर बसते, तितक्याच खोलीवर फिल्मचा पृष्ठभाग यायला हवा. हे माप पट्टी लावून तपासा, अंदाजाने नको.

शटर नाही म्हणून हळहळू नका. एक्स-रे फिल्मचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची ताकद, आयएसओ ५० धरून चला. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत, लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ४५ वर, सव्वा ते दीड सेकंद लागतो. एवढा वेळ टोपी आरामात देते. टोपी ओढून काढू नका, कॅमेरा हलतो. आधी ती सैल करून लेन्ससमोर धरा, दोन श्वास थांबा, मग वर उचला. मी मनात सावकाश 'जय मुक्ताई' म्हणतो. एकदा म्हटलं की एक सेकंद. घड्याळ लावून मोजलंय.

आणि स्लाइडच्या झाकणाची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाजू बाहेर म्हणजे वापरलेली. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. मी एकदा पाळली नाही. १९८८ साली एरंडोल तालुक्यातल्या एका शाळेत हेडसरांच्या निरोपाचा फोटो होता. आधी खुर्चीत एकटे हेडसर, मग दहावीचा अख्खा वर्ग. दोन्ही वेळा मी स्लाइडची तीच बाजू लावली. धुऊन बघतो तर बावन्न पोरं हेडसरांच्या पोटातून आरपार दिसतायत. हेडसर हसले. पैसे मात्र दिले नाहीत.

*

प्रश्न : नाना, मी धुळ्याला कॉलेजात शिकते. साठवलेल्या पैशांतून जुना फोर बाय फाइव्ह आणि फोमापॅन १०० फिल्मचा डबा घेतला. मे महिन्यात घरी चार शीट धुतल्या. दोन शीटवर सुकलेल्या तळ्यासारखी बारीक जाळी पडली, तिसरीवरचा थर कोपऱ्यातून सायीसारखा सुटून आला. चौथी बरी आहे, पण तिच्यावर पांढरे डाग आहेत. डेव्हलपर गरम झाला म्हणून मधे फ्रिजचं पाणीही वापरलं होतं. माझं काय चुकलं?
— एक वाचक, धुळे

उत्तर : पोरी, तुझं चुकलं ते महिन्याचं. बाकीचं शिकता येतं.

फिल्मवरचा मसाला जिलेटिनमध्ये बसवलेला असतो. जिलेटिन पाण्यात फुगतं, कोमट पाण्यात जास्त फुगतं, आणि मेमधल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर हाताला चटका देतं. तू फुगलेली फिल्म एकदम फ्रिजच्या पाण्यात टाकलीस. जिलेटिन आकसलं, त्याची जाळी झाली. तिसरी शीट बहुधा शेवटी धुताना गेली असणार. डेव्हलपरचं तापमान सगळे जपतात, हायपोचंही जपतात, आणि शेवटचं धुणं थेट नळाखाली करतात. सगळ्यात जास्त वेळ फिल्म तिथेच असते.

सगळी पाणी सारख्या तापमानाची हवीत, दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. डेव्हलपर २० अंशांवरच हवा या नेहमीच्या नियमापेक्षा हा नियम मोठा आहे. इलफोर्ड कंपनीची एफपी४ फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटं लागते. तीच २४ अंशांना साडेसात-आठ मिनिटांत होते. म्हणजे २४ अंशांवरही काम होतं, फक्त मिनिटं कमी करायची. मात्र वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नकोस, आकाशात पट्टे येतात.

आता २४ अंश आणायचे कुठून? माठातून. खान्देशातला मे कोरडा असतो. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि आतलं गार होतं. त्यात बारदान ओलं करून गुंडाळलं की भर उन्हाळ्यात पंचविशीच्या आसपास पाणी मिळतं. सगळी पाणी आदल्या रात्रीच माठात भरून ठेवायची, धुण्याचंसुद्धा. पहाटे चारला काम करायचं. हाच माठ जुलैत रुसतो, कारण हवेतच ओल असते, पाणी उडायला जागा नसते. तेव्हा बादलीत बर्फ आणि बर्फात बाटल्या. बर्फ डेव्हलपरमध्ये कधी टाकायचा नाही, तो पातळ होतो. मी हे सांगतोय म्हणजे मी एकदा टाकलाय.

तापमान उतरतच नसेल तर जुन्या लोकांचा एक उपाय आहे. डेव्हलपरमध्ये लिटरला ५० ते १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालायचं. त्याने जिलेटिन कमी फुगतं. सल्फाइट वेगळं, सल्फेट वेगळं, बाटलीवरचं नाव दोनदा वाच. डेव्हलपरनंतर लिटरला ३० ग्रॅम क्रोम ॲलमच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवलं की थर घट्ट होतो. माझे उस्ताद मार्च उजाडला की क्रोम ॲलमची बरणी पुढच्या फळीवर आणायचे. आंब्याचं लोणचं आणि ती बरणी यांचा हंगाम आमच्याकडे एकच.

डेव्हलपर घरी करतेस का? डी-७६ अवघड नाही. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी मिळून एक लिटर. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्यांकडे हे मिळतं. पाणी पन्नास अंशांच्या आसपास गरम घे. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की बाकीचं सल्फाइट, मग उरलेलं क्रमाने. सगळं सल्फाइट आधी ओतलंस तर मेटॉल विरघळायला कुरकुर करतं. हातमोजे घाल. उस्तादांच्या बोटांना मेटॉलने आयुष्यभर खाज दिली.

चौथ्या शीटवरचे पांढरे डाग क्षाराचे. बोअरचं पाणी असेल. शेवटचं बुचकळणं बॅटरीच्या पाण्यात कर, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि त्यात ओलावा पसरवणाऱ्या द्रावणाचा एकच थेंब. मग शीट एका कोपऱ्याला चिमटा लावून बंद बाथरूममध्ये लटकव. पंखा लावू नकोस. धूळ उडते, आणि जिनिंगचा हंगाम असेल तर कापसाचं तूसही. ओल्या थरावर बसलेलं तूस नंतर निघत नाही. भरताना फिल्मवर धूळ बसली असेल तर निगेटिव्हवर स्वच्छ टिंब येतं आणि प्रिंटवर काळं. त्यामुळे काळं टिंब दिसलं की दोष भरण्याचा, डेव्हलपरला शिव्या द्यायच्या नाहीत.

पाण्याची काटकसरही जमते. हायपोनंतर फिल्म धुण्याच्या झाकणाच्या टाकीत त्याच तापमानाचं पाणी भर, पाच वेळा उलटं-सुलटं कर, ओतून दे. पुन्हा भर, दहा वेळा. पुन्हा भर, वीस वेळा. इलफोर्डने सांगितलेली ही पद्धत आहे. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी आलं तरी आम्ही नशीबवान समजतो, त्यामुळे अर्धा तास नळ सोडून ठेवायची चैन मला कधी परवडलीच नाही.

आता कळलं असेल, कॅमेरा कुठला घेऊ असं विचारणाऱ्यांना मी उत्तर का देत नाही ते. मी त्यांना उलट विचारतो, तुमच्या टाकीतलं पाणी किती अंश आहे? थर्मामीटर आणा, आठवडाभर रोज पहाटे मोजा, कागदावर लिहा. ज्याला एवढं करायचा कंटाळा येतो, त्याच्या हातात लिनहॉफसारखा महागडा जर्मन कॅमेरा दिला तरी सहा महिन्यांत विकायला काढेल. आणि ज्याने एवढं केलं, त्याला आलप्पुळाच्या वागीश्वरीसारखा जुना लाकडी कॅमेराही पुरतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पहाटेचं पाणी आपोआप विशीच्या खाली असतं, उलट थोडं गरम करावं लागतं. उरलेल्या शीट तेव्हासाठी ठेव. डबा फ्रिजमध्ये, घट्ट पिशवीत. बाहेर काढलास की उघडण्याआधी तीन-चार तास थांब, नाहीतर फिल्मला घाम फुटतो.

*

प्रश्न : नाना, नमस्कार. मी शिक्षक आहे. बलसाण्याच्या जुन्या देवळांचे फोटो फोर बाय फाइव्हवर काढले. देऊळ मागे पडतंय असं दिसतं. एवढा मोठा कॅमेरा घेऊनही मोबाइलसारखंच होणार असेल तर उपयोग काय?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : सर, तुम्ही कॅमेऱ्याची मान वर केलीत. मोबाइलवाल्याला तेवढंच करता येतं, तुम्हाला त्याहून जास्त.

मागची काच देवळाच्या भिंतीला समांतर उभी ठेवा. लेव्हल लावून बघा, डोळ्यावर विश्वास नको, तिथली जमीन उताराची आहे. मग शिखर काचेत मावत नसेल तर पुढची लेन्सची पाटी वर सरकवा. मान ताठच राहते, डोळा तेवढा वर चढतो. खांब सरळ उभे राहतात. किती सरकवता येईल हे लेन्स मागे जे गोल चित्र पाडते, त्या वर्तुळावर आहे. १५० मिमीची, २१० मिमीचं वर्तुळ देणारी लेन्स असेल तर उभ्या शीटवर तीसेक मिमी मिळतात. त्यापुढे आकाशाचे कोपरे काळे पडायला लागतात. घासलेल्या काचेचे कोपरे कापलेले असतात ते याचसाठी. त्या फटीतून लेन्सकडे बघा, छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कापल्यासारखं दिसलं तर पाटी थोडी खाली आणा.

पुढ्यात पडलेले कोरीव दगड आणि मागचं देऊळ दोन्ही स्पष्ट हवं असेल तर लेन्सची पाटी किंचित पुढे कलवा. यामागचं गणित ऑस्ट्रियाच्या शाइम्पफ्लूग नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९०४ साली पेटंटमध्ये मांडलं. आकाशातून काढलेले तिरके फोटो सरळ करायची त्याची खटपट होती. तुम्हाला गणिताची गरज नाही. दूरचं बघून फोकस करा, जवळचं बघून कलवा, पुन्हा दूरचं बघा. तीन-चार फेऱ्यांत बसतं. कलवायचे अंश फार थोडे असतात. नवशिका नेहमी जास्त कलवतो आणि शिखर धुरकट करून बसतो.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जागी तिपाई लावायला परवानगी लागते, अर्ज आधी करा. पहारेकऱ्याला काळ्या कापडाखालून उलटं देऊळ दाखवा. तो दिवसभर तुमच्या पिशव्या राखतो.

*

प्रश्न : नाना, आमच्या केळीच्या बागेत सकाळी फोटो काढला. उजेड मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद सांगितले, मी १० मोजून दिले. फोमापॅन १०० होती. निगेटिव्ह अगदी पातळ, सावलीत काहीच नाही. मीटर बिघडलं का?
— एक वाचक, यावल

उत्तर : मीटर बरोबर आहे. फिल्म आळशी आहे.

उजेड फार कमी आणि वेळ लांब झाला की फिल्म हिशेबाप्रमाणे काम करत नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या गड्यासारखी, सुरुवातीला झपाट्याने, मग रेंगाळत. फोमापॅन १०० या बाबतीत फार रेंगाळते. मीटरने १ सेकंद सांगितला तर तिला २ द्यायचे, १० सांगितले तर ८०. एफपी४ ला १० च्या जागी १८ पुरतात. इलफोर्डचीच एचपी५ तर मुळात वेगवान, चौपट. तुमच्या १० सेकंदांचे तिच्यावर अडीच होतात आणि दुरुस्ती धरून सव्वातीन.

८० सेकंदांत केळीचं पान काय काय करतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वारा पडलेला असतो तो सूर्य वर यायच्या आधी थोडा वेळ. त्या वेळेसाठी एचपी५ घ्या. आणि बागेत पाणी सोडायच्या दिवशी जाऊ नका, तिपाईचा एक पाय खचतो. माझा खचला होता. कॅमेरा वाचवताना मीच पाटात बसलो.

*

प्रश्न : नमस्कार. तुमचा लेख वाचून आमच्या ह्यांनी बाथरूममध्ये डार्करूम केली आहे. दाराला काळे पडदे, बादलीत हायपो, दोन दोन तास आत. सुनेला सकाळी आंघोळीला बाथरूम मिळत नाही. तुम्हीच काय ते सांगा.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : वहिनी, माफी मागतो. आमच्या घरीही हेच झालंय. आमची माय दार ठोठावून विचारायची, "अंधारामा काय करी रायना रे?" आणि उत्तराची वाट न बघता कडी काढायची. एकदा सहा निगेटिव्ह गेल्या. तेव्हापासून आतून खिळा मारून दोरी बांधायचो.

तुमच्या गावाला या वेडाची जुनी ओळख आहे. रॉबर्ट गिल नावाचा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवत बसला. लंडनला पाठवलेली त्याची बरीचशी चित्रं १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तोवर त्याने कॅमेरा हाती घेतला होता, त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ साली निघाली होती. १८७९ साली तो गेला, आणि पुरला भुसावळात. त्याच्या पसाऱ्यापुढे तुमच्या ह्यांची बादली काहीच नाही. हे सांगून सुनेची आंघोळ होणार नाही, कबूल.

म्हणून तोडगा. फिल्म भरायला बाथरूम लागतच नाही. काळी चेंजिंग बॅग मिळते, हात घालून पलंगावर बसून भरता येतं. डेव्हलप करायला झाकणाची टाकी घेऊ द्या. एकदा भरली की उजेडात, मोरीवर काम होतं. आणि प्रिंटसाठी त्यांना सायनोटाइप करायला लावा. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिमध्ये, दोन्ही सारखी मिसळून कागदावर ब्रशने फासायची. सुकलं की वर निगेटिव्ह, वर काच, आणि गच्चीवर उन्हात. नंतर साध्या पाण्यात धुतलं की निळा फोटो. १८४२ सालची युक्ती आहे, जॉन हर्शेलची. शीट मोठी असल्यामुळे एनलार्जर (चित्र मोठं करणारं यंत्र) लागत नाही, निगेटिव्हएवढीच प्रिंट. भुसावळच्या उन्हाचा एवढा उपयोग पापड सोडून दुसऱ्या कशाला होत नाही. गच्ची तुमचीच, फक्त पापडांच्या दिवशी त्यांना वर जाऊ देऊ नका. फेरिसायनाइडची बाटली आणि ताटल्या स्वयंपाकघरापासून लांब, कुलपात, एवढं मात्र कडक ठेवा.

*

प्रश्न : नाना, माझे गुडघे गेलेत. एट बाय टेन आहे, दोन लेन्स आहेत, पण तिपाई घेऊन बाहेर पडणं आता होत नाही. विकून टाकू का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : चाळीसगावात राहून हा प्रश्न विचारता! स्टेशनजवळच्या त्या घरात जाऊन या. छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) वर्षानुवर्षं त्या घराबाहेर फारसे पडले नाहीत. पंजाब मेलची गोष्ट तुमच्या गावात पोराटोरांना ठाऊक आहे, ती मी सांगत नाही. मला त्यांचं टेबल महत्त्वाचं वाटतं. हाताशी असतील त्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, हे त्यांचं टेबलटॉपचं काम. संग्रहालयात ते बघताना मी तासभर एकाच प्रिंटसमोर उजेड कुठून आलाय ते शोधत उभा होतो. सापडला नाही.

विकू नका. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल लावा. फक्त एक हिशेब लक्षात ठेवा, जवळचा फोटो काढताना भाता लांबतो आणि उजेड कमी पडतो. शिंप्याची टेप घेऊन लेन्सपासून काचेपर्यंत मोजा. ते माप लेन्सच्या मिमीने भागा आणि आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा. ३०० ची लेन्स आणि भाता ४२० निघाला तर भागाकार १.४, गुणाकार जवळजवळ २. मीटर सांगेल त्याच्या दुप्पट वेळ द्या. भाता ६०० झाला, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच फिल्मवर, तर चौपट. वेळ सेकंदाच्या पुढे गेला तर यावलच्या उत्तरातली दुरुस्ती त्याच्यावर आणखी चढवायची. आधी भाता, मग दुरुस्ती, हा क्रम उलटा करू नका.

टेप कापडाचीच घ्या, लोखंडी पट्टी भात्याला ओरखडते. डिसेंबरात मी चाळीसगावला येणार आहे. पाटणादेवीला जाण्याआधी तुमच्याकडे चहाला थांबेन. टेबल खिडकीपासून किती लांब ठेवलंत, ते तेव्हा बघू.